रिप्ले दाखवणारे हात

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानाच्या तळाशी एक चौकट होती. अमेरिकेत लोक केबल बंद करतायत आणि त्यामुळे ईएसपीएनसारख्या क्रीडा वाहिन्यांत वर्षानुवर्षं नोकरकपात चालली आहे, अशा आशयाची. जेमतेम दहा ओळी, आणि बाजूला ओळखीच्या दोन चेहऱ्यांचे फोटो. ती चौकट मी तीन वेळा वाचली, कात्रण काढून ठेवलं आणि आज लिहायला बसलो. पत्र लांबलं आहे. पण आमच्यासारख्यांची बाजू मी आजवर कुठल्याच पेपरात वाचलेली नाही, म्हणून जमल्यास पूर्ण छापावं ही विनंती.

मी रिप्ले ऑपरेटर आहे. सामना चालू असताना स्टेडियमच्या मागे पांढऱ्या रंगाची मोठी गाडी उभी असते, जनरेटर घरघरत असतो, जाड काळ्या केबल जमिनीवरून आत गेलेल्या असतात. ती ओबी व्हॅन. तिच्या आत, एसीच्या गारठ्यात, अंधारात, पडद्यांसमोर आम्ही चार-सहा जण ओळीने बसतो. बाद झाल्यावर, गोल झाल्यावर, पकड झाल्यावर घरी बसून तुम्ही जे संथ गतीने पुन्हा पाहता, ते आमच्यापैकी कुणीतरी काढून दिलेलं असतं. माझ्या मशीनवर डाव्या हाताला बटणं, उजव्या हाताखाली एक गोल चकती आणि तिच्या बाजूला एक दांडी. चकती बोटाने मागे घेतली की चित्र एकेक फ्रेम मागे सरकतं. दांडी पुढे ढकलली की चालू लागतं, जितकी ढकलाल तितक्या वेगाने. दिग्दर्शक कानात ओरडतो, आणि त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत चित्र तयार असावं लागतं. एवढंच काम. ते मी सव्वीस वर्षं केलं.

त्याआधी केबल ओढायचो. २७ फेब्रुवारी १९९६ ला वानखेडेवर पहिल्यांदाच दिव्यांच्या प्रकाशात सामना झाला, विश्वचषकातला भारत-ऑस्ट्रेलिया. त्या दिवशी मी तेवीस वर्षांचा होतो आणि सीमारेषेबाहेर कॅमेऱ्याची केबल खांद्यावर घेऊन उभा होतो. सामन्याचा एकही चेंडू धड पाहिला नाही, कॅमेरामनच्या पायात केबल येऊ नये एवढंच पाहत होतो. घरी आल्यावर आईने विचारलं, सचिन दिसला का? म्हटलं, दिसला, पाठमोरा.

हे काम आमच्या पिढीला मिळालं कसं, तेही सांगायला हवं. १९९३ च्या हीरो कपाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार कोर्टात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी जनतेच्या आहेत, एकट्या सरकारची त्यावर मक्तेदारी नाही. त्यानंतर खासगी वाहिन्यांना खेळाचं मैदान मोकळं झालं. १९९६ मध्ये ईएसपीएन आणि स्टार यांनी आशियासाठी एकत्र कंपनी काढली, ती सिंगापूरहून चालायची आणि २०१२ पर्यंत चालली. भायखळा, लालबाग, डोंबिवली, कल्याणची कितीतरी मुलं त्या काळात या धंद्यात शिरली. कुणी केबल ओढत, कुणी ग्राफिक्सवर स्कोअर टाकत, कुणी माइक लावत. पदवी कुणी विचारत नव्हतं, हात चालतो का ते बघत. ब्रिस्टल नावाचं अमेरिकेतलं एक लहान शहर, कनेक्टिकट राज्यातलं. ७ सप्टेंबर १९७९ ला तिथून ईएसपीएन सुरू झालं. तिथे घडलं ते मला परकं वाटत नाही, ते यामुळे.

आता त्या कपातीविषयी. चौकटीत म्हटलं होतं, प्रेक्षक गेले म्हणून माणसं गेली. हे अर्धं खरं आहे.

अमेरिकेत केबलचं गणित आपल्या सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीसारखं होतं. आरतीला या अगर न या, वर्गणी प्रत्येक घरातून जाते. ईएसपीएनसाठी दर घरामागे महिन्याला सात डॉलरहून जास्त केबलच्या बिलातून जायचे. त्या घरात खेळ बघणारा कुणी असो वा नसो. २०११ च्या सुमारास अशी घरं जवळपास १० कोटी होती. मग लोक इंटरनेटवर बघू लागले, केबल तोडू लागले, आणि २०२३ पर्यंत ती संख्या सात कोटींच्या आसपास आली. कागदावर मांडून बघा: एक कोटी घरं गेली तर वर्षाला ८४ कोटी डॉलर गेले. आणि जी गेली त्यांत कधीच सामना न बघणारी घरंही होती. म्हणजे प्रेक्षक जितके गेले, त्याहून अधिक वर्गणीदार गेले.

हे झालं उत्पन्नाचं. खर्चाच्या बाजूला काय होतं? सोमवार रात्रीच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांसाठी वर्षाला सुमारे १९० कोटी डॉलर. बास्केटबॉलच्या एनबीएसाठी दुसऱ्या एका नेटवर्कबरोबर मिळून नऊ वर्षांचे २,४०० कोटी डॉलर. हे करार सही-शिक्क्याचे. घरं कमी झाली म्हणून लीग एक डॉलर सोडत नाही. मग हिशेब जुळवायचा कुठून? जिथे सही-शिक्का कच्चा, तिथून. पगारपत्रकातून.

ऑक्टोबर २०१५ मध्ये ईएसपीएनने सुमारे ३०० माणसं कमी केली. बहुतेक कॅमेऱ्यामागची, वीस-पंचवीस वर्षं काढलेली. एप्रिल २०१७ मध्ये सुमारे १०० गेली, त्यांत पडद्यावर दिसणारे पुष्कळ. फुटबॉलचे वार्ताहर एड वर्डर, बेसबॉलवर लिहिणारे जेसन स्टार्क. त्याची जगभर बातमी झाली, कारण लोक त्यांना ओळखत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात आणखी १५० गेली, स्टुडिओतली, तंत्रज्ञानातली. नोव्हेंबर २०२० मध्ये ३०० गेली आणि २०० रिकाम्या जागा भरायच्याच नाहीत असं ठरलं. जून २०२३ मध्ये पुन्हा वीसेक चेहरे गेले, पुन्हा फोटो छापून आले. संपादक महोदय, आपल्या चौकटीतले दोन फोटो याच प्रकारचे. त्या ३०० आणि १५० पैकी एकाचं तरी नाव आपल्याला माहीत आहे का? मलाही नाही. पण ते काय करत असतील ते मला माहीत आहे. त्यांतला एखादा चकतीवर बोट ठेवून बसत असणार.

प्रादेशिक वाहिन्यांचं तर याहून वाईट झालं. बेसबॉल, बास्केटबॉलच्या स्थानिक संघांचे सामने दाखवणारी डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. ३१ मेपासून सॅन डिएगोच्या पाद्रेस संघाचे सामने बेसबॉल लीगलाच स्वतः दाखवावे लागले. तिथल्या कॅमेरामनला सामना मिळाला, पण महिनाभर आधी त्याला ठाऊक नव्हतं की पुढच्या महिन्यात व्हॅन कुणाची असेल.

आता इकडे या. आपल्याकडे केबल महाग नव्हतीच, त्यामुळे लोक पैशांपायी सोडत नव्हते. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या सरकारी दूरसंचार नियामकाचे नवे दर आले, आवडेल तेवढीच वाहिनी घ्या. क्रीडा वाहिनी १९ रुपयांत. तेव्हाच पुष्कळ घरांनी खेळाच्या वाहिन्यांवर काट मारली आणि आयपीएलच्या महिन्यात पुन्हा चालू केल्या. पण मोठा घाव फोनचा. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, २०२२ चा फुटबॉल विश्वचषक जिओसिनेमावर फुकट दिसला आणि २०२३ ची आयपीएलही फुकट. फुकट म्हटल्यावर डबा कोण रिचार्ज करणार? केबल वितरकांच्या संघटनेने ईवाय या सल्लागार कंपनीबरोबर काढलेल्या अहवालात २०१८ मध्ये पैसे देऊन टीव्ही बघणारी घरं १५ कोटी १० लाख होती, ती २०२४ मध्ये ११ कोटी १० लाख झाली. छतावरच्या डिशचे ग्राहक ट्रायच्या आकड्यांत २०२१ मध्ये जवळपास सात कोटी होते, २०२५ मध्ये सहा कोटींच्या खाली.

या आकड्यांचा अर्थ मला आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याच्या वहीत कळला. आम्ही त्याला भाऊ म्हणतो. १९९२ पासून तो डोंबिवली पूर्वेला वायर टाकतोय, आधी व्हीसीआर लावून पिक्चर दाखवायचा. त्याची निळ्या पुठ्ठ्याची लांब वही आहे, एका ओळीत एक घर, पुढे बारा महिन्यांचे बारा चौकोन. पैसे मिळाले की बरोबरची खूण. कनेक्शन तोडलं की लाल पेनने संपूर्ण ओळीवर रेघ. मागच्या दिवाळीत त्याच्या दुकानात चहा घेताना त्याने वही माझ्यापुढे सरकवली, बोलला काहीच नाही. आमच्या वाडीच्या पानावर बत्तीस ओळी होत्या. एकवीसवर लाल रेघ होती. तीसुद्धा पट्टी धरून, सरळ मारलेली. त्याच्याकडे पाच मुलं होती खांबावर चढायला, आता दोन आहेत आणि ती इंटरनेट जोडून देतात. बाकीच्या तिघांपैकी एक पार्सलं पोचवतो. दुसरा गावी गेला, सिंधुदुर्गात. तिसऱ्याचं कळलं नाही.

मी बघणाऱ्यांना दोष देत नाही. माझी मुलगी लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर सामना बघते, आणि तिला घरी येऊन केबल लाव म्हणण्यात काय अर्थ आहे. फोनमुळे एक गोष्ट फार चांगली झाली, तीही लिहितो. माझे वडील रेडिओला कान लावून बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकायचे. टीव्ही आला आणि मराठी समालोचन घरातून गेलंच. ते आयपीएलबरोबर फोनवर परत आलं. २०२३ मध्ये केदार जाधव त्यात समालोचन करत होते, आणि मे महिन्यात बंगळुरूच्या संघाला जखमी खेळाडूच्या जागी माणूस हवा होता म्हणून माइक ठेवून थेट मैदानात उतरायला गेले. पुण्याचा माणूस मराठीत बोलता बोलता संघात गेला, याचा आम्हा सगळ्यांना आनंद झाला. तेव्हा नवं तंत्र वाईट असं माझं म्हणणं नाही.

माझं म्हणणं त्याच्यापुढचं आहे. आयपीएलचे हक्क २०१८ ते २०२२ साठी १६,३४७ कोटींना गेले होते, २०२३ ते २०२७ साठी ४८,३९० कोटींना. जवळजवळ तिप्पट. त्यात टीव्ही एकाकडे आणि फोन दुसऱ्याकडे. नोव्हेंबर २०२४ मध्ये हे दोघेही एकत्र आले. कंपन्या एकत्र आल्या की दोन टेबलांचं एक टेबल होतं, हे कुणालाही कळतं. पण आमच्यासारख्या रोजंदारीवरच्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा. पूर्वी एकाने दिवसाचे कमी देऊ केले तर दुसऱ्याकडे विचारता यायचं. आता विचारायला दुसरं दारच नाही.

हक्कांचा आकडा तिप्पट होतो तेव्हा माझी रोजी किती वाढते? २०१६ मध्ये मला दिवसाचे जे मिळत होते, २०२४ मध्ये त्याहून पाचशे रुपये जास्त मिळत होते. २०२३ साली माझे १४० दिवस भरले. २०२४ साली ९६. २०२५ साली ३८.

मला कुणी काढलं नाही. माझ्या हातात कधी पत्र पडलं नाही, कारण मला कुणी ठेवल्याचंही पत्र नव्हतं. एका कामाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर सामन्याच्या आठ दिवस आधी कॉलशीट यायची: कुठलं स्टेडियम, किती वाजता रिपोर्टिंग, कुणाची कुठली खुर्ची. एका बुधवारी सकाळी उठलो तर ग्रुपच्या तळाला राखाडी अक्षरात ओळ होती की तुम्हाला ग्रुपमधून काढण्यात आलं आहे. मी चुकून झालं असेल म्हणून फोन केला. समोरचा माणूस भला होता, बारा वर्षांची ओळख. म्हणाला, दादा, आता रिप्ले तिकडूनच करायचं ठरलंय, मैदानावर दोनच खुर्च्या ठेवल्यात. ईएसपीएनच्या त्या ३०० जणांना निदान नोटीस मिळाली, भरपाई मिळाली. आमच्या बायकोला सांगायला आमच्याकडे कागदही नसतो.

"तिकडून" म्हणजे काय ते वाचकांना सांगतो. पूर्वी सगळी माणसं मैदानाजवळ व्हॅनमध्ये असायची. आता कॅमेऱ्यांची चित्रं फायबरवरून दूरच्या एका इमारतीत जातात, तिथे एकाच खोलीत आज क्रिकेट, उद्या कबड्डी, परवा फुटबॉल. हॉटेल नको, प्रवास नको, भत्ता नको. खर्च वाचतो, हे मी मान्य करतो. पण काय जातं ते एका उदाहरणाने सांगू द्या.

मी प्रभादेवीला वाढलो. दहावीपर्यंत मंडळाकडून कबड्डी खेळलो, चढाई करायचो. २६ जुलै २०१४ ला वरळीच्या डोममध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला तेव्हा आमच्या वाडीतली म्हातारी माणसं टीव्हीपुढे रडली होती, एवढा तो खेळ आमच्या हाडात आहे. पुढे काही वर्षांनी कबड्डीच्या एका सामन्यात मी रिप्लेवर होतो. दिग्दर्शक परदेशी, कामात हुशार, पण कबड्डी त्याने त्या वर्षीच पहिल्यांदा पाहिलेली. चढाईपटू डावीकडून आत गेला, कोपऱ्यातल्या खेळाडूला हूल दिली, उजवा पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला आणि झटकन मागे आला. पंचांनी गुण दिला नाही. गोंधळ सुरू झाला. दिग्दर्शक कानात ओरडत होता, फ्रंट फूट, फ्रंट फूट! सगळे पुढच्या पायाचं चित्र काढायला लागले. पण बोनस पुढच्या पायावर ठरत नाही. पुढचा पाय रेषेपलीकडे टेकतो त्या क्षणी मागचा पाय हवेत असायला लागतो, तो टेकलेला असेल तर गुण नाही. हे आमच्याकडे सातवीतल्या पोराला ठाऊक असतं. आणि समोर किमान सहा खेळाडू मॅटवर पाहिजेत, तेही मी मोजलेले होते, सहा होते. माझ्याकडे जमिनीलगतचा कॅमेरा होता. त्याचा पाय उचलायला लागल्यापासूनच मी खूण मारून ठेवली होती. चकती चार फ्रेम मागे घेतली, थांबलो. मागच्या पायाच्या अंगठ्याखाली मॅट आणि बूट यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक फट दिसत होती. म्हटलं, मागचा पाय बघा, माझ्याकडे आहे. दिग्दर्शकाने घेतलं, पडद्यावर गेलं, गुण मिळाला.

मी काही मोठं केलं नाही. माझ्या जागी लालबागचा कुणीही असता तर हेच केलं असतं. त्या खुर्चीवर तो बसलेला असायला हवा, एवढीच अट.

मागच्या मोसमात मी घरी बसून एक सामना बघत होतो. अगदी तसाच प्रसंग. रिप्ले चार वेळा दाखवला, चारही वेळा पुढचा पाय. समालोचकही पुढच्या पायावर बोलत राहिले. ज्या पोराने तो काढून दिला त्याला मी बोल लावणार नाही. त्याला एका पाळीत दोन खेळ सांभाळायचे असतील, कबड्डीचा आवाज त्याच्यापर्यंत येत नसेल, त्याच्या कानात फक्त सूचना असतील. तोही कॉन्ट्रॅक्टवरच असणार. पण माझी बायको म्हणाली, तुम्ही इतके का अस्वस्थ झालात, आणि मला तिला धड सांगता येईना.

१४ नोव्हेंबर १९९२ ला डर्बनला सचिन तेंडुलकर तिसऱ्या पंचाने बाद दिलेला जगातला पहिला फलंदाज ठरला. त्या दिवशी निर्णय कार्ल लिबेनबर्ग या पंचांचा म्हणून नोंदला गेला आहे, थ्रो जाँटी ऱ्होड्सचा. पण ती फीत मागे घेऊन बरोबर त्या फ्रेमवर कुणीतरी थांबवली होती. रिप्लेचा हा धंदा म्हणजे तेच: बरोबर त्या ठिकाणी थांबणं. कुठे थांबायचं हे खेळ कळतो त्याला कळतं, आणि खेळ कळणारी माणसं रोजंदारीवर होती म्हणून ती सगळ्यात आधी गेली.

यात एक गोष्ट आणखी. पैसा कमी पडला की मोठ्या सामन्यांचे कॅमेरे कमी होत नाहीत. तिथे जाहिरात आहे. कमी होतात रणजीचे, महिलांच्या स्पर्धांचे, राज्य पातळीवरच्या कबड्डी-खोखोचे. तीस कॅमेऱ्यांचा सामना तीसचाच राहतो, आठचा चारवर येतो. आणि नवं पोर शिकतं ते आठ कॅमेऱ्यांच्या सामन्यातच. मी स्वतः रणजीच्या सामन्यांत शिकलो, चार-चार दिवस कुणी न बघणाऱ्या सामन्यांत, चुका करत, शिव्या खात. आज माझ्याकडे कुणी शिकायला आलं तर त्याला कुठल्या मैदानावर नेऊ? गोव्यातले माझे दोन सहकारी फातोर्ड्याच्या फुटबॉल सामन्यांवर वर्षातले चार महिने काढायचे. २०२५ च्या सप्टेंबरात आयएसएल ही फुटबॉलची लीग ठरल्या वेळी सुरूच झाली नाही. ते भांडण हक्कांचं आणि महासंघाचं होतं, केबलचं नव्हतं, पण रिकामं घरी बसले ते हेच दोघे.

आता मागणं काय, ते लिहितो. सहानुभूती नको आहे.

चित्रपट कामगारांसाठी १९८१ चा कायदा होता, त्यात आम्ही बसत नव्हतो. पण २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेत दृक-श्राव्य कामगारांची व्याख्या आली आणि दृक-श्राव्य निर्मितीत टीव्ही, वेब मालिका, रिॲलिटी शो यांच्याबरोबर खेळांचे कार्यक्रमही आले. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या ६६ व्या कलमात स्पष्ट आहे की अशा कामगाराला लेखी कराराशिवाय कामावर घेता येणार नाही, आणि तो करार नोंदवलेला असला पाहिजे. माझ्या पुतण्याने मला हे शोधून वाचून दाखवलं. मी ते कलम प्रिंट काढून एका सरकारी कचेरीत घेऊन गेलो. टेबलावरच्या बाईंनी नीट बसवलं, कागद वाचला, आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या की काका, असा करार नोंदवायला अजून कुणीच आलेलं नाही. कुणी यायला हवं होतं ते मालक, मी नव्हे. पण मालक येणार कशाला, जर विचारणाराच नसेल.

म्हणून राज्याच्या कामगार खात्याने महाराष्ट्रात जिथे जिथे सामन्याचं प्रक्षेपण होतं, वानखेडे, गहुंजे, जामठा, वरळी, तिथे एकदा व्हॅनच्या दाराशी उभं राहून एवढंच विचारावं: आत बसलेल्यांचे करार दाखवा. सामना रद्द झाला तर रोजी मिळते का, बारा तासांनंतरचे पैसे मिळतात का, रात्री दोनला सुटल्यावर डोंबिवलीला जायला गाडी मिळते का, हे त्या कागदात असेल तर बाकीचं आम्ही बघून घेऊ.

दुसरं मागणं क्रीडा संघटनांना. हक्क विकताना निविदेत प्रायोजकाच्या फलकाची लांबी-रुंदी इंचात लिहिलेली असते. त्याच निविदेत एक ओळ घाला की मैदानावर इतकी तांत्रिक माणसं असतील, आणि त्यांतली इतकी त्या खेळाची जाणकार, त्या जिल्ह्यातली असतील. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तिन्ही क्रिकेट संघटनांना, आणि आमच्या कबड्डीच्या संघटनेला हे करता येण्यासारखं आहे. ही एक ओळ असती तर मागच्या मोसमात तो मागचा पाय दिसला असता.

तिसरं आपल्याकडे. पुढच्या वेळी कपातीची बातमी लावाल तेव्हा चेहऱ्यांच्या फोटोखाली एक वाक्य तरी लिहा की आणखी किती जण गेले आणि ते काय काम करत होते.

हे पत्र मी जेवणाच्या टेबलावर लिहितोय. समोर फोन पालथा ठेवलाय. मार्चमध्ये कबड्डीची एक शालेय स्पर्धा आहे, आयोजकांनी चार कॅमेऱ्यांनी यूट्यूबवर दाखवायचं ठरवलंय. पैसे फार नाहीत, पण त्यांनी मशीन भाड्याने आणायचं कबूल केलं आहे आणि रिप्लेला मला बोलावलं आहे. भाऊंच्या दुकानातल्या एका पोराला बरोबर नेतोय, शाळेत असताना तो पकडीत खेळायचा. त्याला चकतीवर बसवणार आहे.

कामावर परिणाम होऊ शकतो, म्हणून नाव छापू नये ही विनंती.

आपला,
एक रिप्ले ऑपरेटर
डोंबिवली (पूर्व)